पाठीवरचे ग्रंथालय : लिथुआनियाच्या ग्रंथवाहकांची कार्यपरंपरा

ग्रंथालयाच्या स्मरणिकेत एखाद्या परदेशी संस्थेचा इतिहास यावा, ही संपादक मंडळाची इच्छा होती. त्यासाठी या लेखात जी संस्था निवडली आहे, तिला घटना नव्हती, नोंदणी नव्हती, इमारत नव्हती, कोषाध्यक्षही नव्हता. एकोणिसाव्या शतकात प्रशिया आणि रशिया या दोन राज्यांच्या हद्दीवर, रात्रीच्या वेळी, पाठीवर पुस्तकांची पोती घेऊन चालणाऱ्या माणसांनी ती उभी केली आणि चाळीस वर्षे चालवली. लिथुआनियात या माणसांना 'क्नीग्नेश्याय' म्हणतात. आपण त्यांना ग्रंथवाहक म्हणू.

या संस्थेचे दप्तर मिळत नाही, कारण दप्तर ठेवणे म्हणजे सहकाऱ्यांना पकडून देणे. सभासदांची यादी, जमाखर्च, इतिवृत्त यांतले फारसे काही कोणी कागदावर ठेवले नाही. मग तिचा इतिहास कळतो कशावरून? रशियन जकात खात्याच्या जप्तीच्या नोंदींवरून, पोलिसांच्या खटल्यांवरून आणि हयात राहिलेल्या कार्यकर्त्यांनी म्हातारपणी सांगितलेल्या आठवणींवरून. ज्या सरकारने या कार्याचा नायनाट करायचे ठरवले, त्याच सरकारने अभावितपणे त्याचे दप्तर जपले.

स्थापनेची पार्श्वभूमी : १८६४ पूर्वी

लिथुआनियन लोक तेव्हा दोन राज्यांत विभागलेले होते. मोठा भाग रशियाच्या झारच्या अमलाखाली होता. नेमान नदीच्या खालच्या अंगाचा छोटा भाग प्रशियाकडे होता. प्रशियाकडचे लिथुआनियन प्रॉटेस्टंट, रशियाकडचे बहुतेक कॅथलिक. लिथुआनियन भाषेतले पहिले पुस्तक, मार्टिनास माझ्विदास यांची धर्मप्रश्नोत्तरी, १५४७ साली प्रशियातल्या क्योनिग्सबर्ग येथे छापले गेले. हद्दीपलीकडे लिथुआनियन छपाईची परंपरा त्या काळापासूनच होती, आणि पुढे तिचाच आधार मिळाला.

रशियाकडच्या भागात विल्नियसचे विद्यापीठ सरकारने १८३२ मध्येच बंद केले होते. १८६१ साली भूदासपद्धती संपली आणि शेतकरी मोकळा झाला. गावोगावच्या चर्चच्या शाळांतून वाचणारी पिढी तयार होत होती. लाउरीनास इविन्स्किस यांची पंचांगवजा दिनदर्शिका १८४६पासून दरवर्षी निघे आणि शेतकऱ्यांच्या घरात पोचे. प्रार्थनापुस्तक, बाराखडीचे पुस्तक आणि दिनदर्शिका ही तीन पुस्तके गरीब घरातही सापडत. वाचक तयार झाला होता, आणि नेमक्या त्याच वेळी बंदी आली.

पहिले दशक : १८६४–१८७४

१८६३च्या जानेवारीत पोलंड आणि लिथुआनियात झारविरुद्ध उठाव झाला. विल्नियसचा गव्हर्नर-जनरल मिखाईल मुराव्योव याने तो चिरडला. फाशी, हद्दपारी आणि जमीनजप्तीनंतर सरकारचा मोर्चा भाषेकडे वळला. लिथुआनियन माणसाला पोलिश प्रभावापासून तोडायचे आणि रशियन करायचे, हे धोरण ठरले. त्यासाठी लिथुआनियन भाषा रोमन अक्षरांत छापायला मनाई झाली. १८६४मध्ये सुरुवात झाली आणि १८६५च्या परिपत्रकाने बंदी पक्की झाली. अशी पुस्तके छापणे, बाहेरून आणणे, विकणे, वाटणे, सारे गुन्हे ठरले. त्यांच्या जागी सरकारने रशियन लिपीत छापलेली लिथुआनियन पुस्तके आणली. चाळीस वर्षांत अशी साठेक पुस्तके निघाली, पण ती फुकट वाटली तरी लोकांनी घेतली नाहीत. ज्या लिपीत आजीने प्रार्थना वाचली, तीच लिपी त्यांना हवी होती.

या कार्याचे आद्य संस्थापक म्हणून बिशप मोतिएयुस वालांचुस यांचे नाव आदराने घ्यावे लागते. शेतकऱ्याच्या घरात जन्मलेला हा धर्मगुरू पुढे झेमाइतिया प्रांताचा बिशप झाला. १८५८पासून त्यांनी चालवलेली दारूबंदीची चळवळ गावागावात पोचली होती. माणसे कशी जोडायची आणि निरोप कसा पोचवायचा, हे त्यांना तिथेच उमगले. बंदी येताच त्यांनी प्रशियात छपाईची सोय केली, पैसा उभा केला आणि विश्वासू धर्मगुरूंमार्फत पुस्तके आत आणायची वाट घालून दिली.

या काळातल्या पुस्तकांचे पहिले पान पाहण्यासारखे असे. छपाई प्रशियातल्या तिलझित शहरातली, पण पानावर प्रकाशनस्थळ विल्नियस, छापखाना तिथला नामवंत झावाद्झ्की यांचा आणि वर्ष १८६४च्या आधीचे. बंदीपूर्वी परवानगीने छापलेले जुने पुस्तक बाळगणे गुन्हा नव्हता. त्यामुळे घराची झडती झाली तर शेतकरी निर्धास्तपणे पुस्तक पुढे करू शके. नव्या कोऱ्या पुस्तकावर जुने साल घालायची ही युक्ती पुढची अनेक वर्षे उपयोगी पडली.

१८७०च्या सुमारास पोलिसांना या जाळ्याचा सुगावा लागला. अनेक धर्मगुरू पकडले गेले, काही हद्दपार झाले. १८७५ साली वालांचुस वारले. पण घालून दिलेली वाट आता लोकांच्या पायाखालची झाली होती.

दुसरे दशक : १८७५–१८८४

या दशकात कार्याची धुरा धर्मगुरूंकडून शेतकऱ्यांकडे आली. ज्यांचे नाव आज साऱ्या देशात आदराने घेतले जाते ते युर्गिस बिएलिनिस याच पिढीतले. १६ मार्च १८४६ रोजी शेतकरी कुटुंबात त्यांचा जन्म झाला. १८७३च्या सुमारास त्यांनी पुस्तके वाहायला सुरुवात केली आणि बंदी उठेपर्यंत, म्हणजे सुमारे ३१ वर्षे, हे काम सोडले नाही. ते अनेकदा पकडले गेले आणि अनेकदा निसटले. नावे बदलून, घर सोडून, एका गोठ्यातून दुसऱ्या गोठ्यात रात्र काढत ते फिरत राहिले.

हद्द ओलांडायचे काम कसे चाले, ते थोडे जवळून पाहू. रशियाने हद्दीवर पहाऱ्याच्या तीन फळ्या ठेवल्या होत्या. पहिली अगदी हद्दीवर, दुसरी काही मैल आत, तिसरी त्याहून आत. पकडलेल्या मालावर शिपायांना बक्षीस मिळे, त्यामुळे पहारा जागा असे. ग्रंथवाहक प्रशियाच्या बाजूच्या गावात दिवस काढी. पुस्तके घट्ट बांधून पोत्यात भरली जात. अंधाऱ्या, वादळी, पावसाच्या रात्री लोक घरात बसतात, ग्रंथवाहक अशाच रात्री निघे. नदीनाले उतारावरून किंवा होडीने पार करायचे, दलदलीतून आणि रानातून चालायचे, पहारेकरी पुढे सरकला की धावायचे. हिवाळ्यात नदी गोठली की वाट सोपी होई, पण बर्फावर पावले उमटत आणि सकाळी माग काढणारे येत. कोणी शिपायाला पैसे चारून मोकळे होत. गोळी लागली तर पुस्तके आणि माणूस दोन्ही तिथेच राहत, आणि असे मृत्यू झालेही.

आत आल्यावर पोती एका ठरलेल्या घरी उतरत. तिथून दुसरा माणूस गवताच्या गाडीखाली, धान्याच्या पोत्यात, भाजीच्या टोपलीत माल पुढे नेई. बायका शालीखाली आणि घागऱ्याखाली पुस्तके बांधून बाजाराला जात. भिकारी आणि फेरीवाले यांच्या वेषात विक्री चाले. प्रत्येकाला आपल्या मागचा आणि पुढचा एवढाच माणूस ठाऊक असे.

त्याच हद्दीवरून आणखीही बरेच काही येत-जात होते. दारू, तंबाखू, चहा, कापड यांची चोरटी ने-आण तर पिढ्यान्‌पिढ्यांची. त्यात माणसांचीही भर पडली. १८६७–६८च्या दुष्काळानंतर लिथुआनियन शेतकरी आणि ज्यू कारागीर मोठ्या संख्येने अमेरिकेकडे निघाले. परदेशी जायचा रशियन परवाना महाग आणि मिळायला अवघड. १८७४पासून लष्करी सेवाही सर्वांना सक्तीची झाली. म्हणून बहुतेक जण दलालाला पैसे देऊन रात्री हद्द ओलांडत आणि प्रशियातून रेल्वेने हॅम्बुर्ग किंवा ब्रेमेनच्या बंदराकडे जात. माणसे बाहेर जात त्याच वाटांनी पुस्तके आत येत. वाटाड्यांमध्ये कितीतरी लिथुआनियन आणि ज्यू लोक होते, आणि त्यांच्या रानवाटांच्या माहितीवाचून हे कार्य उभे राहिले नसते.

अमेरिकेत गेलेले लोकही मातृभाषेला विसरले नाहीत. पेन्सिल्वेनियाच्या कोळशाच्या खाणींत राबणाऱ्या या मजुरांनी वर्गणी काढून छपाईला हातभार लावला. १८७९ साली न्यूयॉर्कमध्ये अमेरिकेतले पहिले लिथुआनियन वृत्तपत्र निघाले. पुढे अमेरिकेत छापलेली पुस्तके अटलांटिक ओलांडून प्रशियात येत आणि तिथून ग्रंथवाहकांच्या पाठीवर चढत.

दशकाच्या अखेरीस १८८३मध्ये 'आउश्रा', म्हणजे पहाट, हे मासिक सुरू झाले. आपल्याकडे 'केसरी' निघून तेव्हा दोनच वर्षे झाली होती. डॉ. योनास बासानाविचुस यांनी परदेशात राहून त्याची सूत्रे हाती घेतली आणि छपाई प्रशियातल्या राग्निट येथे सुरू झाली. जेमतेम तीन वर्षे चाललेल्या या मासिकाने लिथुआनियन माणसाला आपला इतिहास आहे, आपण एक राष्ट्र आहोत, हे पहिल्यांदा खणखणीतपणे सांगितले.

तिसरे दशक : १८८५–१८९४

वाढ आणि संघटन यांचे हे दशक. पानेवेझीस शहराजवळच्या गार्श्व्याय गावात १८८०च्या दशकाच्या मध्यावर काझिस ऊद्रा आणि सहकाऱ्यांनी पुस्तके आणणाऱ्यांचे रीतसर मंडळ उभारले. सभासद पैसे एकत्र करून तिलझितला एकदम मोठी खरेदी करत आणि माल थेट उत्तर लिथुआनियापर्यंत पोचवत. बिएलिनिस यांचा या मंडळाशी निकटचा संबंध होता. दहाएक वर्षांनी पोलिसांनी ते मोडले आणि सभासदांना हद्दपार केले. पण त्याने दाखवलेली रीत इतरांनी उचलली. 'आत्गाया', 'सिएतीनास' अशी मंडळे निघाली. एक पकडले की दुसरे कामाला लागे.

छापखान्यांचे ऋणही विसरता येणार नाही. तिलझितचे ओटो मॉडेरोडे जर्मन होते. लिथुआनियन पुस्तके छापणे हा त्यांचा धंदा होता आणि तो त्यांनी चोख केला. बितेनाय गावचे मार्टिनास यांकुस हे प्रशियातले प्रॉटेस्टंट लिथुआनियन. त्यांनी आपल्या छापखान्यातून पलीकडच्या कॅथलिक बांधवांसाठी पुस्तके काढली आणि त्यात पैसाही घालवला. प्रशियाचा कायदा या छपाईच्या आड येत नव्हता. गुन्हा सुरू होई तो हद्दीच्या रेषेवर.

१८८९मध्ये डॉ. विंत्सास कुदिर्का यांच्या संपादनाखाली 'वार्पास', म्हणजे घंटा, हे मासिक सुरू झाले आणि ते १९०५पर्यंत चालले. त्याच वर्षी कॅथलिक धर्मगुरूंचे 'अप्झ्वाल्गा' निघाले आणि पुढच्या वर्षी शेतकऱ्यांसाठी 'ऊकिनिंकास'. या नियतकालिकांच्या विचारांत फरक होता, पण ग्रंथवाहकाच्या पोत्यात ती शेजारी शेजारी बसून येत आणि वाचकही ती सारी वाचत. मतांचा फरक कामाच्या आड आला नाही, ही या काळाची मोठी कमाई.

नोव्हेंबर १८९३मध्ये क्राझ्याय गावातले चर्च बंद करायला आलेल्या अधिकाऱ्यांना लोकांनी अडवले. कोसॅक स्वारांनी त्यांच्यावर हल्ला केला, माणसे मारली गेली. त्या बातम्या याच गुप्त वृत्तपत्रांतून गावोगाव गेल्या.

जप्तीचे सरकारी आकडे वाचताना या कामाचा आवाका कळतो. १८९१ ते १८९३ या तीन वर्षांत ३७,७१८ लिथुआनियन प्रकाशने पकडली गेली. ती जाळून टाकत. जितकी पकडली त्याहून कितीतरी जास्त आत पोचली असणार, नाहीतर इतकी वर्षे छापखाने चाललेच नसते. ठाण्यात मराठी ग्रंथसंग्रहालय स्थापन झाले ते याच १८९३ सालात. आपल्याकडे पुस्तके मांडायला कपाटे घडत होती तेव्हा तिकडे ती धान्याच्या कोठारात, मधमाश्यांच्या पोळ्यांमागे आणि जमिनीत पुरून ठेवली जात होती.

चौथे दशक : १८९५–१९०४

शेवटच्या दशकात सरकारचा दाब वाढला आणि कामही वाढले. १८९४ ते १८९६ या तीन वर्षांत ४०,३३५ आणि १९०० ते १९०२मध्ये ५६,१८२ प्रकाशने जप्त झाली. १८९५मध्ये कुदिर्का यांना अटक झाली. क्षयाने खंगलेल्या या डॉक्टरांनी आयुष्याचा शेवट हद्दीवरच्या नाउमिएस्तिस गावात काढला. १८९९ साली वयाच्या चाळिशीत ते गेले. त्याच्या आदल्या वर्षी 'वार्पास'मध्ये त्यांनी छापलेले गीत पुढे देशाचे राष्ट्रगीत झाले. १८९६पासून निघालेल्या 'तेविनेस सार्गास' या मासिकाला युओझास तुमास-वाइझ्गांतास यांच्यासारखा धर्मगुरू-लेखक लाभला. शेतीसंसारात आयुष्य गेलेली झेमाइते पन्नाशीच्या उंबरठ्यावर लिहू लागली आणि आधुनिक लिथुआनियन कथेची एक आद्य लेखिका ठरली. बंदी असतानाच एक साहित्य वयात आले.

पुस्तक आत आणले तरी वाचणारा हवा. ते काम घराघरांतल्या गुप्त शाळांनी केले. हिवाळ्यात, शेतीची कामे थंडावल्यावर, पाचसात मुले एखाद्या घरी जमत. गावोगाव फिरणारा शिक्षक किंवा शिकलेली आई त्यांना अक्षरे शिकवी. बाहेर कोणी पाळतीवर असे. शिपाई दिसला की पुस्तके लपत आणि मुले खेळायला लागत. शिल्पकार पेत्रास रिम्शा यांनी १९०६ साली घडवलेल्या प्रसिद्ध शिल्पात एक बाई सूत कातते आहे आणि तिच्या गुडघ्याशी उभे असलेले मूल पुस्तकात बोट ठेवून वाचते आहे. १८९७च्या जनगणनेत कोव्नो (आजचे कौनास) प्रांतातली साक्षरता साम्राज्याच्या सरासरीहून बरीच वर निघाली. पुष्कळांना वाचता येई पण लिहिता येत नसे, कारण शिक्षण झाले होते ते चुलीजवळ, प्रार्थनापुस्तकावर.

लढा न्यायालयातही गेला. अभियंते आंतानास मात्सियाउस्कास यांनी पीटर्सबर्गमध्ये रोमन अक्षरांत लिथुआनियाचा नकाशा छापला. तो जप्त होताच त्यांनी सरकारवर दावा लावला. बंदी कायद्याने नव्हे, केवळ प्रशासकीय हुकमांनी चालली होती. वरिष्ठ न्यायपीठापर्यंत गेलेल्या अशा दाव्यांनी तिचा पायाच ठिसूळ असल्याचे दाखवून दिले. १९००च्या पॅरिस प्रदर्शनात लिथुआनियन मंडळींनी बंदी घातलेली पुस्तके मांडून जगाला ही गोष्ट सांगितली. १९०४च्या सुरुवातीला रशिया-जपान युद्ध पेटले आणि साम्राज्याच्या कडेचे लोक शांत राहावेत अशी सरकारला निकड भासू लागली. बंदी आपल्या हेतूत फसली आहे, हे अधिकारीही बोलू लागले होते. ७ मे १९०४ रोजी ती उठली.

१९०५ ते १९४० : मुक्त छपाई आणि मानसन्मान

डिसेंबर १९०४मध्ये पेत्रास विलेइशिस यांचे 'विल्नियाउस झिन्योस' हे दैनिक विल्नियसमध्ये उघडपणे निघू लागले. १९०५मध्ये विल्नियसला लिथुआनियनांची मोठी परिषद भरली. बिएलिनिस जानेवारी १९१८मध्ये वारले. महिनाभराच्या आत, १६ फेब्रुवारीला, लिथुआनियाच्या स्वातंत्र्याचा ठराव झाला. त्या ठरावाखाली बासानाविचुस यांची सही आहे.

स्वतंत्र राष्ट्राने आपल्या ग्रंथवाहकांची आठवण ठेवली. काहींना निवृत्तिवेतन मिळाले. पेत्रास रुसेत्स्कास यांनी १९२६–२८ या काळात त्यांच्या आठवणी दोन खंडांत प्रसिद्ध केल्या. आज आपल्याला जे ठाऊक आहे त्यातले बरेचसे या खंडांमुळे. कौनासच्या युद्ध संग्रहालयाच्या बागेत युओझास झिकारास यांनी घडवलेला ग्रंथवाहकाचा पुतळा उभा आहे. पाठीवर ओझे, हातात काठी, आणि पुढे रोखलेली सावध नजर.

१९४० ते १९९० : परंपरा उलट्या दिशेने

पुढे देश सोव्हिएत राजवटीखाली गेला आणि पुन्हा छपाईवर पहारा बसला. तेव्हाही जुनी रीत कामी आली. १९७२पासून कॅथलिक कार्यकर्त्यांनी 'लिथुआनियातील कॅथलिक चर्चचा वृत्तांत' टंकलिखित रूपात गुपचूप काढायला सुरुवात केली. १९८९पर्यंत त्याचे ८१ अंक निघाले. या वेळी मजकूर आतून बाहेर, पश्चिमेकडे जात होता. काही कार्यकर्ते तुरुंगात गेले, पण अंक थांबला नाही.

आजचे कार्य

१९८९पासून बिएलिनिस यांचा जन्मदिवस, १६ मार्च, ग्रंथवाहक दिन म्हणून पाळला जातो. बितेनाय येथे यांकुस यांच्या नावाचे संग्रहालय आहे. बंदी उठल्याची शताब्दी २००४ साली राष्ट्रीय पातळीवर साजरी झाली. त्याच वर्षी बेन्यामिनास कालुश्केविचुस आणि काझिस मिसियुस यांनी ग्रंथवाहक आणि गुप्त शिक्षकांचा चरित्रकोश सिद्ध केला. माझ्विदास यांच्या नावाने विल्नियसमध्ये उभे असलेले राष्ट्रीय ग्रंथालय आता त्या काळची जीर्ण पुस्तके सांभाळते. तिलझित आज रशियातले सोव्येत्स्क आहे आणि नेमान नदीच्या त्या काठाने पुन्हा एक हद्द गेली आहे.

ऋणनिर्देश

या इतिहासात आलेली नावे मोजकी आहेत. वालांचुस, बिएलिनिस, ऊद्रा, यांकुस, कुदिर्का यांनी दिशा दिली, पण काम केले ते हजारोंनी. पोते उतरवून घेणारा शेतकरी, दार उघडणारी त्याची बायको, होडी वल्हवणारा, पाळतीवर बसलेला मुलगा, हद्दीवर मेलेला तरुण आणि सायबेरियात गेलेला म्हातारा, या सर्वांचा वाटा सारखा मोलाचा आहे. पुस्तक छापले म्हणजे काम संपत नाही. ते वाचकाच्या हाती पोचवणारा माणूस लागतो. ग्रंथपाल, शिपाई, घरपोच पुस्तके नेणारे कार्यकर्ते आणि वर्गणीदार जे काम रोज करतात ते याच जातीचे आहे. आपल्याकडे ते करताना कोणाचा जीव धोक्यात येत नाही. म्हणूनच ते अधिक नेटाने, न कंटाळता आणि शेवटच्या वाचकापर्यंत करण्याची जबाबदारी आपल्यावर आहे. ग्रंथवाहकांना अभिवादन करताना हे काम यापुढेही असेच चालू राहील, अशी ग्वाही आपल्या वाचनालयाच्या वतीने देणे उचित ठरेल.